फॉरमॅटच्या आधी बायोस

पावस गावात जून लागला की विजेचा भरवसा राहत नाही. आभाळ गडगडायला लागलं की टीव्हीबरोबर कॉम्प्युटरचीही पिन काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण कधी पिन काढण्याआधीच लाईट जाते. त्या क्षणी डिस्कवर काहीतरी लिहिलं जात असतं, ते अर्धवट राहतं, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ येते. मग सीपीयू रिक्षात घालून रत्नागिरी गाठायची. तिथे अनेकदा पहिला उपाय ऐकायला मिळतो तो असा: विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. आंब्याच्या पेट्यांचे हिशेब आणि घरातले फोटो त्या एका होकारात जाऊ शकतात.

म्हणून आधी बायोस बघायला हवं. बटण दाबल्यावर सर्वांत आधी विंडोज सुरू होत नाही. मदरबोर्डवरच्या छोट्याशा फ्लॅश चिपमध्ये एक प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो, तेच फर्मवेअर, ज्याला बायोस म्हणतात. प्रोसेसर पहिला हुकूम तिथून घेतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासून झाल्यावर फर्मवेअर विंडोज कुठे आहे ते शोधतं आणि कारभार त्याच्या हाती देतं. १९८१च्या आयबीएम पीसीपासून घरोघरी पोहोचलेल्या बायोसची जागा आता यूईएफआयने घेतली आहे. त्याचे नियम ठरवणारा फोरम २००५ साली स्थापन झाला. लोक मात्र दोन्हींना बायोसच म्हणतात. महत्त्वाचं हे की हा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर नसतो, त्यामुळे डिस्क कोरी झाली तरी तो उघडतो.

तिथे डिस्कचं नाव दिसतं का, हा पहिला प्रश्न. दिसत असेल तर डिस्क निदान उत्तर देते आहे. बिघाड बहुधा विंडोजच्या फाइलींत किंवा बूट ऑर्डरमध्ये आहे, आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून फाइली बाहेर काढता येण्याची चांगली आशा असते. दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली आहे. तेव्हा फॉरमॅट करणार तरी कशाला?

बायोस उघडायचं तर मशीन चालू करताक्षणी की टिचकवत राहायची. डेस्कटॉपला बहुधा डिलीट, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ किंवा एफ२. 'फास्ट बूट' चालू असेल तर यूएसबी कीबोर्ड जागा होण्याआधीच ती वेळ निघून जाते. तरी वाट बंद होत नाही. लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होणं फसलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'. जुन्या बायोसच्या मशीनवर हा शेवटचा पर्याय मिळत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल. पिन भिंतीत असते तोवर घड्याळाला विजेचा आधार असतो. पिन काढली की सगळा भार सेलवर येतो. खारी, दमट हवा त्याचे संपर्क गंजवते ते वेगळंच. सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर वेबसाइटची प्रमाणपत्रं नाकारतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जही पुसली जातात. डिस्कचा 'एएचसीआय' मोड बदलून 'आयडीई' झाला की धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवतं. स्वस्तातला सेल आणि एक सेटिंग, एवढ्यावर काम भागतं.

विंडोज उठलं नाही म्हणजे डिस्क गेली असं नसतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या मशीनच्या डिस्क शाबूत होत्या. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणं, हा त्यावरचा मुख्य उपाय होता.

एक खबरदारी मात्र घ्या. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर बायोसमधल्या काही बदलांनंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आजच कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये अनोळखी काही बदलू नका, आधी पडद्याचा फोटो काढा. आणि फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याला एवढं विचाराच: बायोसमध्ये डिस्क दिसतेय का?