लातूर २४, नांदेड २६ आणि कापरेकरांचा ६१७४

लातूरच्या गाडीच्या पाटीवर एमएच २४ असतं, नांदेडच्या एमएच २६. दोन्ही जोडले की २४२६. आता अंक उतरत्या क्रमानं मांडा: ६४२२. चढत्या क्रमानं: २२४६. वजा करा, ४१७६ आले. पुन्हा तेच: ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. यापुढं कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोचते. मधे तीनच अंक उरले, तर पुढं शून्य धरायचं.

हे शोधणारे द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदवी बी.एस्सी. अनेकांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

पण असं का होतं? अंक उतरत्या क्रमानं लावा. पहिल्या व शेवटच्या अंकातला फरक गुणिले ९९९, मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. यांची बेरीज म्हणजेच वजाबाकीचं उत्तर. म्हणून जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच पायरीत फक्त ५४ उत्तरांत गोळा होतात. तेवढी तर वहीतही तपासता येतात!

आपल्याकडं क्लासमध्ये चार पर्यायांतून झटपट उत्तर निवडायला शिकवतात. परीक्षेला ते लागतंच. पण 'असं का?' हा प्रश्न त्या पर्यायांत नसतो, आणि संशोधन तिथूनच सुरू होतं. आज तीन अंकी संख्येवर हेच करून बघा. कुठं थांबता, आणि का, दोन्ही लिहून काढा.