पाना माझ्याही हाती

मैत्रिणींनो, चकलीची तयार भाजणी विकत आणून चकल्या घरी पाडणं आपल्याला नवं नाही. पण मोटारगाडी? भाग खोक्यांतून येतात आणि गाडी आपण घरीच जोडायची! आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये याला ‘किट कार’ म्हणतात.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही छोटीशी, उघडी गाडी काढली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मग काय, हौशी लोक भाग घरी नेऊन गाडी जोडू लागले. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. हौस मात्र राहिली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले. त्यांच्याकडे ती आजही किटमध्ये मिळते.

आमच्या ह्यांनी हा विषय काढला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आले ते रविवार. हे गॅरेजमध्ये आणि मी चहा घेऊन ये-जा करणार! मी एकच अट घातली. करायचं तर दोघांनी, नाहीतर नको.

आणि नियोजनात आपण बायका कुठे कमी पडतो? आधी जागा बघायची, गाडीभोवती मोकळं फिरता यायला हवं. मग पैसे. किटची किंमत वेगळी. हत्यारं, तपासणी, नोंदणी, विमा यांचा हिशोब वेगळा. खोकी आली की यादीशी ताडून बघायची. नट-बोल्ट डब्यांत, वर नावाच्या चिठ्ठ्या. पावत्या आणि फोटो जपायचे, नोंदणीच्या वेळी लागतात. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची खूण करायची, म्हणजे ‘हा झाला का?’ हा वादच नको.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना तर आम्हाला दोघं लागलोच. पेडलवर हे, चाकापाशी मी. मी म्हणायचं ‘दाबा’, ह्यांनी म्हणायचं ‘दाबलं’. मग मी स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची, परत आवळायचा आणि मगच ‘सोडा’. संसारात माझं इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं हो! पण गंमत बाजूला ठेवा. ज्या गाडीत उद्या आपणच बसणार, तिच्या ब्रेकमध्ये चालढकल चालत नाही.

शिवाय २००९ पासून इथे अशा गाडीला ‘आयव्हीए’ ही सरकारी तपासणी आहे. ब्रेक, दिवे, धूर, आवाज तर बघतातच. बाहेर कुणाला लागेल अशी धार राहिली आहे का, तेही बघतात.

आनंद हवा तर घाई नको. एका रविवारी एकच काम, दमलो की थांबायचं.

आपल्याकडे घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणणं कायद्याने सोपं नाही, तेव्हा गाडीच करा असं मी म्हणणार नाही. पण घरात कुणी सायकल नाहीतर मिक्सर उघडून बसलं, तर चहा ठेवून परत फिरू नका. पाट ओढा, बसा आणि पाना हातात घ्या.