एकच वजन, दोन पारडी

‘टिळक आणि आगरकर’ असा तुलनात्मक निबंध लिहावयास दिला की बहुतेक मुले एक पान टिळकांना देतात, दुसरे आगरकरांना. दोन चरित्रे तयार होतात. तुलना राहून जाते.

तुलनेत प्रथम साम्य नोंदवावे. दोघांचा जन्म १८५६ चा, दोघेही १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’शी निगडित, आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. एवढे साम्य असल्यामुळेच पुढील भेदाला अर्थ येतो.

मग एकच प्रश्न दोघांना विचारावा: समाजसुधारणेसाठी परकीय सरकारचा कायदा चालेल काय? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास आगरकरांनी पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला. दोघांचीही कारणे सारख्याच प्रामाणिकपणे मांडावीत. शेवटी ‘थोर कोण’ हा निकाल न देता भेदाचे मूळ सांगावे.

घेण्याचे वजन वेगळे आणि देण्याचे वेगळे, अशी पेढी फार दिवस टिकत नाही. घरातल्या दोन भावंडांना तोलताना एकाचे गुण व दुसऱ्याचे दोष पारड्यात पडले, तर तीही खोट्या मापाचीच तुलना होय.