जिवंत पेशींचे मणी

मधुमेहाच्या एका प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. अशा रोग्यास दात्याच्या स्वादुपिंडातून त्या पेशींचे पुंजके, म्हणजे लँगरहॅन्सची द्वीपके, देता येतात. परंतु शरीर त्यांनाही परकी समजून मारू पाहते. हे टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात व त्यामुळे इतर रोगांना वाव मिळतो. पेशी शरीरात राहावी, पण त्याच्या रक्षकांच्या हाती लागू नये, अशी काही योजना करता येईल काय? हायड्रोजेलचे मणी ही तशी एक योजना होय.

लांबलचक रेणूंच्या जाळ्यात पुष्कळ पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थास हायड्रोजेल म्हणतात. तपकिरी सागरी शैवलांपासून मिळणारे अल्जिनेट या कामी विशेष सोयीचे ठरले आहे. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळून दाट द्रव होतो. सोडियमच्या आयनावर एकच विद्युत्‌भार असल्याने तो दोन साखळ्यांना बांधू शकत नाही. कॅल्शियमच्या आयनावर मात्र दोन भार असतात. तो दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना जखडतो आणि द्रवाचे जेल बनते. यास उष्णता लागत नाही, की तीव्र रसायन लागत नाही. म्हणूनच पेशी जिवंत राहतात.

मणी तयार करण्याची रीत झाऱ्यातून बुंदी पाडण्यासारखी आहे. अल्जिनेटच्या द्रावणात पेशी मिसळून ते बारीक सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. प्रत्येक थेंब तेथे पडताच घट्ट होऊ लागतो व पेशी आत अडकतात. पुढे त्या परत हव्या असल्यास मणी सायट्रेटच्या द्रावणात ठेवतात. सायट्रेट कॅल्शियम काढून घेते आणि जेल विरघळते.

केवळ स्वतःच्या भाराने गळणारा थेंब दोन-तीन मिलिमीटरांचा असतो. सुईभोवती हवेचा झोत सोडल्यास, किंवा सुई व द्रावण यांमध्ये काही हजार व्होल्टचा विद्युत्‌दाब दिल्यास, अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहूनही लहान मणी मिळतात. एवढा खटाटोप कशासाठी? मण्यात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन जेलमधून हळूहळू झिरपत जातो आणि वाटेतील पेशी तो वापरून टाकतात. त्यामुळे पेशींची दाटी असलेल्या मोठ्या मण्याच्या गाभ्यातील पेशी गुदमरतात.

मॉन्ट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठातील थॉमस चँग यांनी 1964 साली अर्धपार्य आवरणाच्या सूक्ष्म संपुटांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1980 साली फ्रँकलिन लिम व अँथनी सन यांनी अल्जिनेटच्या मण्यांत द्वीपके कोंडून त्यांवर पॉलिलायसीनयुक्त आवरण चढविले. हे आवरण चाळणीप्रमाणे काम करते. साखर, ऑक्सिजन व इन्शुलिन यांचे रेणू त्यातून ये-जा करतात. संरक्षक पेशींना मात्र आत शिरता येत नाही. मधुमेही उंदरांवरील त्यांच्या प्रयोगात रोगाची लक्षणे दोन ते तीन आठवडे दूर राहिली.

तथापि शरीर मण्यालाही परका समजते व त्याभोवती तंतुमय ऊतकाचे वेष्टण घालते. मग ऑक्सिजनची वाट बंद होते. या बाबतीत 2015 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. दीड मिलिमीटरच्या मण्यांभोवती असे वेष्टण फार कमी आढळले. त्यांतील द्वीपकांनी मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर 180 दिवसांपर्यंत ताब्यात ठेवली. अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांपेक्षा हा काळ पाचपटींहून अधिक होता.

अशा रीतीने पेशीचा श्वास लहान मणी मागतो, तर शरीराचा स्वीकार मोठा मणी मागतो. ऊतक अभियांत्रिकीत कूर्चेच्या पेशींसाठीही हेच मणी वापरले जातात; त्यांत त्या आपला गोल आकार टिकवून कूर्चेचे द्रव्य निर्माण करतात. कूर्चेत मुळातच रक्तवाहिन्या नसल्याने त्या पेशी थोड्या ऑक्सिजनवर भागवितात. द्वीपकांना ते साधत नाही. म्हणून मण्याचे माप ठरविताना आत कोणती पेशी राहणार, हे प्रथम पाहावे लागते.