राजाश्रय नव्हे, वर्गणी

गौलीगुडा म्हणजे गवळ्यांची वस्ती, हे नावच सांगते. परंतु हा मोहल्ला आणि त्याच्या आसपासचे जांबाग, सुलतान बाजार, इसामिया बाजार हे भाग हैदराबादच्या मराठी माणसाच्या मनात शाळा, ग्रंथालये आणि उत्सव यांच्याशी निगडित झालेले आहेत. निजामाचा खजिना अमाप, दरबार गुणग्राहक, तेव्हा येथील मराठी संस्कृतीही राजाश्रयावरच पोसली असली पाहिजे, असा समज सर्वत्र आढळतो. उर्दूच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा असेल; मराठीच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, कचेरी-अदालतीची भाषाही उर्दूच, आणि ज्या रियासतीत मराठवाड्याचे पाच जिल्हे मोडत होते, तिच्यात वरच्या हुद्द्याकडे जाणारी वाट मराठीतून जात नव्हती. अशा स्थितीत 1895 पासून शाहअलीबंड्यात भारत गुणवर्धक संस्था काम करू लागली, 1907 साली केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींनी विवेकवर्धिनी शाळा काढली, आणि 1931 साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्यसंमेलन भरले, ते वर्गणी, देणगी आणि कार्यकर्त्यांनी पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून दिलेला वेळ यांच्या बळावर. हा वेळ कोणत्याही जमाखर्चात नोंदला गेला नाही, आणि माझ्या मते खरे भांडवल तेच होते.

दुसरा समज असा की, कलेला खरोखर रसिक असतील तर ती आपला खर्च आपणच भागवील. 1966 साली बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. गिरणीत यंत्र सुधारले की तितक्याच मजुरांकडून अधिक कापड निघते; परंतु 1882 साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकाला तेव्हा जितके नट, वादक आणि तालमी लागल्या, जवळजवळ तितक्याच आजही लागतात, मात्र बाहेरच्या जगातील वेतन वाढत गेल्याने कलावंताचा चरितार्थ महाग होत जातो. नाट्यगृह तुडुंब भरूनही तूट राहू शकते. ती रसिकतेची तूट नव्हे. ग्रंथांच्या बाबतीतही तूट अशीच येते: परप्रांतात वाचक थोडे, आणि पुस्तकाची जुळणी व मुद्रितशोधन यांचा खर्च तीनशे प्रतींना तेवढाच, तीन हजारांनाही तेवढाच. म्हणून तुटीचे हे ओझे येथे अधिकच जड होते.

वर्गणी मात्र सर्वांना सारखीच खुली असते, हाही भ्रमच होय. जो वर्गणी भरू शकतो, तोच सभासद होतो, तोच कार्यकारी मंडळ निवडतो, आणि संस्थेच्या कपाटात कोणते ग्रंथ यावेत व व्यासपीठावर कोणी बसावे, हेही मग त्याच्याच वर्गाच्या रुचीने ठरते; येथे तो वर्ग मुख्यतः वकील, जहागीरदार आणि शिक्षितांचा होता. त्यांच्या निष्ठेविषयी मला नितांत आदर आहे, तरी याच परिसरात, इसामिया बाजारात, 1910 साली समाजसुधारक भाग्यरेड्डी वर्मांना अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागली, ही नोंदही त्याच हिशेबाच्या वहीत पडली पाहिजे.