काचेच्या नळीतलं रक्त

स्वच्छ, कोरडी काचेची नळी. तीत रुग्णाच्या शिरेतून नुकतंच काढलेलं २ मिली रक्त. नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. साप चावलेल्या माणसाची ही तपासणी मी जवळून पाहिली ती मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीतल्या एका बांधकाम मजुरासोबत दवाखान्यात बसलो होतो तेव्हा. गावाकडे माळावर दगड उचलताना त्याला फुरसं चावलं होतं.

वेळ भरल्यावर सिस्टरने नळी तिरकी केली. निरोगी रक्ताचा एव्हाना गोळा झाला असता. हे सरळ वाहिलं. डॉक्टरांनी लगेच प्रतिविषाच्या कुप्या मागवल्या. आतली पांढरी भुकटी विरघळवताना सिस्टर कुपी जोरात हलवत नव्हती, तळहातांत हळूहळू घोळवत होती. फेस येता कामा नये.

फुरशाचं विष रक्त पातळ करतं, असं आपण म्हणतो. खरं तर ते आधी रक्त गोठवायला लावतं. त्यातला एक घटक प्रोथ्रॉम्बिनला चेतवतो, अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत जातात आणि त्यांतच फायब्रिनोजेन संपून जातं. मग खरोखर रक्त थांबवायची वेळ येते तेव्हा शरीराकडे काहीच उरत नाही. हिरड्यांतून, सुईच्या टोचणीतून रक्त झिरपत राहतं.

पण विष म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, त्यात कितीतरी प्रथिनं असतात. फुरशाच्याच विषातलं एकिस्टॅटिन हे ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात नेमकं हेच हवं असतं. एकिस्टॅटिनची ही पकड अभ्यासून मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी टिरोफिबान हा लहानसा रेणू घडवला आणि १९९८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज अँजिओप्लास्टीच्या वेळी तो शिरेतून देतात. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो. सेर्जिओ फेरेरा यांनी त्या विषातले घटक शोधले आणि त्यांच्या आधारावर पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. रक्तदाबासाठी घरोघरी घेतली जाणारी रामिप्रिलची गोळी त्याच कुळातली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती नजर. विष शरीरात काय करतं, हे कुणीतरी चिकाटीने पाहत राहिलं म्हणून औषध हाती लागलं. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात हेच केलं. लाल विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून ते नाडी आणि रक्तदाब पाहत राहिले. विषामुळे अंगात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदय थकतं, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, वापरलं. १९८६मध्ये त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ना महागडी प्रयोगशाळा, ना मोठा निधी. कित्येक कोवळी मुलं त्या गोळीने वाचली.

म्हणूनच एक गोष्ट मला फार खुपते. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. देशात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष मात्र तमिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. त्यांचं कसब थोर आहे, पण मराठवाड्यातल्या फुरशाला आणि घोणशीला ते प्रतिविष किती लागू पडतं, हे इथलंच विष घेऊन तपासायला हवं. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, विद्यापीठ आपल्या शहरात आहे, साप ओळखून सुरक्षित पकडणारे सर्पमित्र जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. वन विभागाची रीतसर परवानगी काढून या तिघांनी एकत्र बसायला हवं, आणि तेही पुढच्या पावसाळ्याआधी, कारण सर्पदंश वाढतात ते पेरणीच्या दिवसांत.