नवा पॉवर विडर पेटीतून आला, आता पुढं?

मागच्या महिन्यात तीन गटांकडून एकच प्रश्न आला. गटानं भांगलणीचं यंत्र, म्हणजे पॉवर विडर घेतला. तो टेम्पोतून लाकडी पेटीत बंद होऊन आला. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो. चार दिवस झाले, माणूस काही येईना, आणि इकडं रानात तण वाढायलंय. मग आपण जोडला तर चालेल का?

चालेल. पण आधी आमच्या गटाचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी आज एकाच गोष्टीवर इतका जोर का देते ते कळेल.

आमचा पहिला विडर असाच पेटीतून आला. घरातल्या पोरांनी तासाभरात हँडल बसवलं, चाकं बसवली, पेट्रोल ओतलं आणि दोरी ओढली. इंजिन चालू झालं. आम्ही नारळ फोडला, फोटो काढले. काही मिनिटांतच आतून खडखड आवाज आला, इंजिन गपकन बंद पडलं आणि दोरी ओढता येईना. आत ऑईलच नव्हतं. पोरांना वाटलं, नवं यंत्र आहे, कंपनीनं भरलेलंच असणार. वॉरंटी मागायला गेलो तर ऑईल न भरता चालवलं म्हणून ती मिळाली नाही. दुरुस्तीत गटाची कित्येक महिन्यांची बचत गेली. कर्जाचा हप्ता चालू आणि यंत्र गोठ्यात उभं, अशी गत झाली.

चूक पोरांची नव्हती. सोबत आलेलं माहितीपुस्तक आमच्यापैकी एकीनंही उघडून बघितलं नव्हतं. दुसरा विडर आला तेव्हा आम्ही सात जणींनी बसून, पुस्तक वाचून तो जोडला. कसा ते आता क्रमानं सांगते.

पेटी उघडण्याआधी

टेम्पोवाल्याच्या कागदावर सही करायची घाई करू नका. पेटीची फळी फुटली आहे का, खालून तेलाचा डाग आहे का, हे बघा. काही दिसलं तर कागदावर तसं लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. मग पेटी उघडा. खिळे उपसले की लगेच एका डब्यात टाका, नाहीतर संध्याकाळी कुणाच्या तरी पायात घुसतील.

इंजिनवर कोरलेला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून पाहा. अनुदानाचा अर्ज केला असेल तर पुढं तपासणीला हाच नंबर बघतात. पेटी आणि पुस्तक फेकू नका.

यंत्र चौघींनी मिळून उचला. सायलेन्सर, केबल किंवा पेट्रोलची टाकी धरून उचलू नका, लोखंडी सांगाडा धरा. ताडपत्री अंथरा, नट-बोल्ट वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवा आणि पुस्तकातल्या यादीशी मोजून घ्या. एखादा बोल्ट कमी असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

जोडणी

आधी वाहतुकीची चाकं बसवा, म्हणजे यंत्र जमिनीवर नीट उभं राहतं. चाकाच्या दांड्यातून आरपार पिन जाते आणि तिला बाहेरून क्लिप लागते. क्लिप विसरली तर चालता चालता चाक निघून येतं.

मग हँडल. सगळे बोल्ट आधी हातानं फिरवून अर्धे बसवा. एकच बोल्ट पहिल्यांदा पान्यानं आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत. सगळे बसले की मग आळीपाळीनं आवळा. वायसर ज्या बोल्टचा त्यालाच घाला, कारण यंत्र थरथरलं की सैल होणारा नट तोच धरून ठेवतो.

आता केबल बघा. एक क्लचची असते, एक रेसची. त्या सायलेन्सरला टेकता कामा नयेत, नाहीतर वितळतील. हँडल खालीवर करून बघा, कुठं चिमटत नाहीत ना. क्लचची दांडी सोडली की ती आपोआप मागं आली पाहिजे. आपला हात सुटला की पाती थांबली पाहिजेत, यासाठीच ती दांडी असते. म्हणून ती दोरीनं बांधून ठेवायची सवय कुणी लावत असेल तर तिथंच थांबवा.

पाती रानात गेल्यावर बसवली तरी चालतात. उजवा आणि डावा संच वेगळा असतो, बऱ्याचदा त्यावर एल आणि आर असं कोरलेलं असतं. खूण नसेल तर एवढं बघा, यंत्र पुढं जाताना पातं फिरलं की धार आधी मातीत शिरली पाहिजे, पाठ नव्हे. उलटी बसवली तर यंत्र नुसतं उड्या मारतं आणि माती फुटत नाही.

आता ऑईल

मैत्रिणींनो, इथं काम थांबवा, चहा घ्या आणि मग पुढचं ऐका.

पेटी प्रवासात आडवी-तिडवी होते. आत ऑईल असलं तर ते नको तिथं शिरतं, बाहेर गळतं. म्हणून अशी बरीच इंजिनं कोरडीच पाठवतात. पण कोरडं इंजिन म्हणजे आसाला वंगण न लावलेली बैलगाडी. फरक एवढाच की बैलगाडी करकर करून आधी सांगते. इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६० फेरे झाले. तेवढ्या वेगानं लोखंडावर लोखंड घासलं की ते तापतं, ओरखडतं आणि एकमेकांना चिकटून बसतं. मधे ऑईलचा पातळ थर असतो म्हणूनच ते टिकतं.

यंत्र सपाट जागेवर ठेवा. ऑईलचं झाकण काढलं की त्यालाच मोजायची काडी असते. ती पुसा, आत घाला, बाहेर काढा आणि ऑईल कुठवर लागलं ते बघा. काडी नुसती टेकवायची की आटे फिरवून बसवायची, ते पुस्तकात दिलेलं असतं. साधारण २०० सीसीच्या इंजिनला अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त लागतं, पण तुमचा आकडा पुस्तकातलाच धरा. थोडं थोडं ओता, दर वेळी काडी बघा. जास्त झालं तर धूर निघतो, प्लग खराब होतो.

दुसरी गोष्ट, गिअरपेटीचं ऑईल वेगळं असतं. त्याचं झाकण वेगळं, ऑईलचा प्रकारही वेगळा. काही यंत्रांत एअर फिल्टरच्या वाटीतही खुणेपर्यंत ऑईल घालावं लागतं. म्हणजे एकदा ओतलं की झालं, असं नाही. तिन्ही जागा बघा.

तिसरी गोष्ट, यात फार जणी फसतात. आपल्या घरातला फवारणीचा पेट्रोल पंप बहुतेक टू-स्ट्रोक असतो, त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळतात. विडरचं इंजिन बहुतेक वेळा फोर-स्ट्रोक असतं. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल आणि ऑईल वेगळ्या जागी. पंपाचं उरलेलं मिश्रण विडरमध्ये घालू नका, आणि विडरचं साधं पेट्रोल पंपात घालू नका. दोन डबे ठेवा, त्यांवर रंगानं खूण करा.

आमच्या गटात आता नियम आहे. ऑईल भरल्याशिवाय पेट्रोल घरात आणायचंच नाही. पेट्रोलच नसेल तर घाईनं दोरी कोण ओढणार?

पहिल्यांदा चालू करताना

पेट्रोल अंगणात भरा, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्यांपासून लांब. इंजिन बंद खोलीत किंवा गोठ्यात चालू करू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण माणूस त्यानं दगावतो.

गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा. दोरी हाताला गुंडाळू नका. आधी हळूच ओढा, अडकल्यासारखं झालं की मग जोरात ओढा. चालू झालं की पाच-दहा मिनिटं कमी रेसवर राहू द्या, मग बंद करून कुठं गळतंय का बघा. गार झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. नवं इंजिन सुरुवातीला स्वतःला घासून घेतं, त्याचा कीस ऑईलमध्ये उतरतो. म्हणून पहिलं ऑईल लवकर बदलायचं असतं, बऱ्याच इंजिनांना पहिल्या २० तासांनी. किती तास झाले ते वहीत लिहायचं काम आम्ही सचिवबाईंकडे दिलंय.

पदर आणि मागचा गिअर

हे यंत्र पुरुषाच्या कपड्यांचा विचार करून बनलंय. आपला पदर, ओढणी, परकराची नाडी फिरत्या पात्यात गेली तर ती सोडवायला वेळ मिळत नाही. पदर घट्ट खोचा, वरून जुना शर्ट घाला, पायात बूट घाला. चप्पल चालणार नाही.

मागचा गिअर टाकताना आधी मागं वळून बघा. पाठीशी बांध किंवा झाड असेल तर यंत्र आपल्या पायावर येतं आणि पळायला जागा उरत नाही. पात्यात गवत किंवा ठिबकची नळी अडकली तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. लेकरांना त्या वावरात येऊच देऊ नका.

आमचा दुसरा विडर अजून चालतोय. भाड्यानं दिला की आमच्यातली एक जण सोबत जाते आणि दोरी ओढायच्या आधी काडी काढून ऑईल बघते. पहिल्यांदा गावातले हसले. आता त्यांची यंत्रं अडली की तेच विचारायला येतात, अक्का, जरा बघता का?

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. यंत्राचं पुस्तक ट्रंकेतून काढा आणि शाळेत जाणाऱ्या एखाद्या लेकीला मोठ्यानं वाचायला लावा. सगळ्या जणी ऐका.